११७३ आणि १३३२: एका क्षयचित्राचं रसग्रहण

नाशिकला फेब्रुवारीच्या अखेरीस दोन दिवस पाठोपाठ येतात. २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. पहिल्या दिवशी कवितेच्या ओळीओळीतून अर्थ काढायचा आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर तक्ते लावायचे, अशी आपली वाटणी ठरून गेली आहे. खरं तर २८ फेब्रुवारीचा उत्सवही एका ओळीच्या वाचनाचाच आहे. १९२८ साली रामन यांना विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात फिकट, जादा रेषा दिसल्या आणि त्या रेषा काय सांगतात हे त्यांनी वाचलं. म्हणून रसग्रहणासाठी मी यंदा एक वेगळी संहिता घेतो आहे. ती अर्ध्या पानात मावते, तिला कवी नाही, आणि तिच्यातल्या दोन ओळी नाशिकपासून साठेक किलोमीटरवर, लासलगावात, रोजच्या कामाला लागलेल्या आहेत. ही संहिता म्हणजे कोबाल्ट-६० चं क्षयचित्र. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘डिके स्कीम’ म्हणतात.

आधी चित्र पाहू. डावीकडे वर एक आडवी रेघ आहे. तिच्यावर कोबाल्ट-६०, शेजारी ५ हा आकडा आणि अर्धायुष्य ५.२७ वर्षं. उजवीकडे खाली तीन आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्या निकेल-६० च्या. सर्वांत खालची शून्याची, मधली १३३२.५ ची, वरची २५०५.७ ची, त्यांच्या शेजारी अनुक्रमे ०, २, ४ हे आकडे. कोबाल्टकडून निकेलकडे दोन तिरपे बाण उतरतात. एक ठळक, वरच्या पायरीवर, ९९.८८ टक्के; दुसरा बारीक, मधल्या पायरीवर, ०.१२ टक्के. मग निकेलच्या पायऱ्यांमधून दोन उभे बाण: ११७३.२ आणि १३३२.५. संहिता इथे संपते. ऊर्जेचे आकडे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आहेत; बोलताना ‘केईव्ही’. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा एक कण दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. या दोन गॅमा रेषा त्याच्या सुमारे पाच लाख पट आहेत.

संदर्भाशिवाय कविता कळत नाही, तसंच हे चित्रही. निसर्गात सापडणारं कोबाल्ट सगळं कोबाल्ट-५९: २७ प्रोटॉन, ३२ न्यूट्रॉन, शांत, स्थिर. अणुभट्टीत ठेवलं की त्यातली काही केंद्रकं एक न्यूट्रॉन गिळतात. आता ३३ झाले. एकच जास्त, पण गणित बिघडायला तेवढा पुरतो. जास्त झालेल्यांपैकी एका न्यूट्रॉनचा कधी तरी प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात, आणि कोबाल्टचं निकेल होतं. हा बीटा क्षय. न्यूट्रॉनसमृद्ध समस्थानिकांची सगळी विद्या या एका घटनेवर उभी आहे. केंद्रक आत कसं रचलेलं आहे हे उघडून पाहता येत नाही. ते क्षय पावताना जे बाहेर टाकतं त्यावरून आतली रचना ओळखायची. अमेरिकेत बर्कली इथे लिव्हिंगूड आणि सीबॉर्ग यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट-६० ओळखलं. आपल्याकडे ते राजस्थानातल्या रावतभाट्याच्या वीजनिर्मिती अणुभट्ट्यांत तयार होतं, आणि त्याचे स्रोत पुरवण्याचं काम नवी मुंबईतलं ब्रिट हे मंडळ करतं.

पहिली ओळ: कोबाल्ट-६०, ५, आणि ५.२७ वर्षं. यातला ५ म्हणजे केंद्रकाची फिरत (स्पिन). आता हा आकडा कुठून आला ते पाहू. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेल्या कवच-प्रतिमानात केंद्रकातले कण मजल्यामजल्यांवर राहतात, आणि काही संख्या पुऱ्या झाल्या की मजला भरतो. २८ ही त्यातली एक. या कामासाठी दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं. कोबाल्टमध्ये प्रोटॉन २७, म्हणजे भरलेल्या मजल्यात एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेची फिरत साडेतीन. वरच्या मजल्यावरच्या जादा न्यूट्रॉनची दीड. ढोबळ हिशोबाने दोन्ही एका दिशेने जुळले तर पाच, विरुद्ध दिशेने तर दोन. चित्रात पाच आहेच. आणि दोनही आहे, चित्राबाहेर, जरा वर, ५८.६ केईव्हीवर, कोबाल्ट-६० चीच एक साडेदहा मिनिटांची अवस्था. साध्या बेरीज-वजाबाकीतून आलेली दोन्ही उत्तरं निसर्गात खरोखर सापडावीत, हे या संहितेचं पहिलं सौंदर्य.

पाच या आकड्याने पुढची सगळी गोष्ट ठरते. निकेल-६० ची तळपायरी शून्याची. पाचावरून थेट शून्यावर उडी मारायची तर एवढी फिरत एकदम कुठे टाकायची? तो मार्ग जवळजवळ बंद आहे. उतरायला जवळची पायरी चाराची. पण ती इतकी वर आहे की एकंदर २८२३ केईव्हीच्या शिलकीतले सुमारे ३१८ च बीटा क्षयाच्या वाट्याला येतात. शिवाय आतली मांडणीही सहज जुळत नाही. म्हणून कोबाल्ट रेंगाळतं, अर्ध्या केंद्रकांना जायला पाच वर्षं लागतात. कोबाल्टच्याच घरात पुढे गेलात तर हा धीर राहत नाही. कोबाल्ट-६१ चं अर्धायुष्य सुमारे पावणेदोन तास, ६२ चं दीड मिनिट, ६३ चं २७ सेकंद, ६४ चं सेकंदाचा तिसरा भाग. एकेक न्यूट्रॉन वाढतो तशी आयुष्याची दोरी आखूड होते. कोबाल्ट-६० स्थिरतेच्या उंबऱ्यावरच उभं आहे. म्हणूनच ते डब्यात भरून ट्रकने लासलगावला नेता येतं.

आता ठळक आणि बारीक बाण. दहा हजार केंद्रकं घेतली तर ९,९८८ वरच्या पायरीवर उतरतात आणि अवघी १२ मधल्या पायरीवर. विद्यार्थी हा बारीक बाण हमखास गाळतात. मीही गाळला होता. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत शिशाच्या विटांच्या आड ठेवलेली बटणाएवढी चकती, तिच्यासमोर सोडियम आयोडाइडचा स्फटिक, आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्याने चढत जाणारे दोन डोंगर. जुळ्या भावांसारखे, पायथ्याशी एकमेकांत मिसळलेले, माथे तेवढे वेगळे. डावा ११७३ चा, उजवा १३३२ चा. तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं, “यातला आधी कुठला निघतो?” मी आत्मविश्वासाने म्हणालो, “११७३.” पुढचा प्रश्न आला, “कशावरून?” आणि माझी बोबडी वळली. पुस्तकातल्या चित्रात तसं होतं म्हणून, हे खरं उत्तर होतं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं.

पडद्यावरच्या डोंगरांवरून क्रम कळत नाही. बेरीज दोन्हीकडून २५०५.७ च. मधली पायरी १३३२ वर आहे की ११७३ वर, हे त्या बारीक बाणाला विचारावं लागतं. त्या बाणाने निघणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा सुमारे १४९० केईव्ही. २८२३ मधून १४९० वजा केले की १३३३ च्या आसपास उरतात. पायरी १३३२.५ वरच आहे. ती ११७३ वर असती तर हा इलेक्ट्रॉन १६५० चा निघाला असता. दुसरा पुरावा संख्येचा. बारीक बाणाने आलेली केंद्रकं ११७३ चा टप्पा गाळून थेट मधल्या पायरीवर येतात, म्हणून १३३२ ची रेषा किंचित जास्त वेळा दिसते: शंभर क्षयांत ९९.९८, तर ११७३ ची ९९.८५. हजारात एकाहून थोडा जास्त, एवढाच फरक. पण दहा हजारांतल्या त्या बारा जणांच्या साक्षीवर सगळ्या शिडीचा क्रम उभा राहतो.

उभ्या बाणांकडे वळू. चारावरून दोन, दोनावरून शून्य. प्रत्येक टप्प्यात दोनाची फिरत गॅमा किरण घेऊन जातो. हे आकडे कुणी पाहिले? फिरत तर दिसत नाही. तिचं वाचन कोनावरून होतं. दोन डिटेक्टर घ्यायचे, एक ११७३ वर लावायचा, दुसरा १३३२ वर, आणि दोघांत एकाच क्षणी नोंद झाली तरच मोजायची. मग त्यांच्यातला कोन बदलत जायचं. डिटेक्टर एकमेकांच्या समोरासमोर असताना काटकोनापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त जोड्या सापडतात. पहिला किरण कुठे गेला यावर दुसऱ्याची दिशा थोडी अवलंबून असते. या वळणाचा नेमका आकार काढला की तो चार-दोन-शून्य या क्रमाशी तंतोतंत बसतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॅडी आणि डॉइश यांनी हे कोबाल्ट-६० वरच दाखवलं. दोन चरणांचं यमक कानाला कळतं. इथे ते कोनात ऐकावं लागतं.

या रचनेची लयही बघण्यासारखी आहे. आधी वर्षानुवर्षांचा थांबा. मग बीटा क्षय झाला रे झाला, की दोन्ही गॅमा काही पिकोसेकंदांच्या आत बाहेर. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटी भागांतला एक. डिटेक्टरला ते दोघं एकत्रच आल्यासारखे भासतात. चकती अगदी जवळ ठेवली तर कधी कधी दोन्ही किरण एकाच स्फटिकात शिरतात आणि २५०५ वर तिसरा, ठेंगणा डोंगर उगवतो. नवखा त्याला नवी रेषा समजतो. तिथे खरीखुरी रेषाही आहे, वरच्या पायरीवरून एकदम तळाला जाणारी, पण ती कोट्यवधी क्षयांत एखादी. पडद्यावर दिसतो तो दोघांच्या संगतीचा डोंगर.

या संहितेचं सर्वांत गाजलेलं वाचन १९५७ च्या सुरुवातीला जाहीर झालं. निसर्ग आणि त्याची आरशातली प्रतिमा यांत बीटा क्षय फरक करतो का, असा प्रश्न ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी उभा केला होता. चिएन-शिउंग वू यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌समधल्या चमूसोबत कोबाल्ट-६० केवल शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत गार केलं आणि चुंबकीय क्षेत्राने केंद्रकांची फिरत एका दिशेला वळवली. इलेक्ट्रॉन बहुतेक उलट दिशेला निघाले. आरसा फुटला. पण रसग्रहणाच्या दृष्टीने मला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: केंद्रकं खरोखर वळली आहेत, हे वू यांना कळलं कशावरून? याच दोन गॅमा रेषांवरून. वळलेल्या केंद्रकांचे गॅमा सगळीकडे सारखे जात नाहीत. तो असमतोल हीच वळणाची मोजपट्टी. काही मिनिटांत नमुना तापला, गॅमांचा असमतोल मावळला आणि त्याच्याबरोबर इलेक्ट्रॉनांचाही. पहिल्या ओळीचा अर्थ शेवटच्या ओळींनी पक्का केला. नोबेल त्याच वर्षी ली आणि यांग यांना मिळालं. वू यांना मिळालं नाही.

आता लासलगाव. निफाड तालुक्यातल्या या कांद्याच्या बाजारपेठेत भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झालं. पोलादी कांड्यांत भरलेलं कोबाल्ट एरवी खोल पाण्यात असतं. जाड काँक्रीटच्या भिंतींआड ते वर उचललं जातं आणि त्याच्या भोवतीने खोकी फिरतात. इथे क्षयचित्र पुन्हा वाचावं. ३१८ चे इलेक्ट्रॉन कांडीच्या धातूतच अडकतात, बाहेर येत नाहीत. बाहेर येतात त्या फक्त दोन ओळी. ‘किरण मारलेला कांदा स्वतः किरण सोडेल का?’ या बाजारातल्या प्रश्नाचं उत्तरही याच आकड्यांत आहे. बहुतेक केंद्रकांतून न्यूट्रॉन उखडायला सात-आठ हजार केईव्ही तरी लागतात. ११७३ आणि १३३२ तिथवर पोचतच नाहीत. ते कांद्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन हलवतात, केंद्रकाला हात लावत नाहीत.

आणि हलवतात तरी किती? कांद्याला ६० ते ९० ग्रे एवढी मात्रा देतात. एक ग्रे म्हणजे किलोला एक ज्यूल. ६० ज्यूलमध्ये किलोभर पाणी अंशाच्या सत्तराव्या भागानेसुद्धा जेमतेम तापतं. कांदा कोमट होत नाही, शिजत नाही, वासाला बदलत नाही. मात्र उभा चिरलेल्या कांद्यात मुळांच्या चकतीवर, पाकळ्यांच्या गाभ्यात जो इवला अंकुर दिसतो, त्याच्या विभागणाऱ्या पेशींचा डीएनए तुटतो आणि मोड यायचा थांबतो. यालाही वेळ आहे: कांदा काढून सुकवल्यावर थोड्याच दिवसांत, अंकुर झोपेत असताना किरण द्यावे लागतात, एकदा मोड सरकायला लागला की उपयोग कमी. सड मात्र याने थांबत नाही. चाळीत हवा खेळली नाही, ओला माल भरला, तर कोबाल्ट काही करू शकत नाही. याच केंद्रातून २००७ साली आंबे अमेरिकेला गेले, तेव्हा मात्रा ४०० ग्रेच्या घरात होती आणि काम फळातल्या किडीचा बंदोबस्त. केंद्राच्या हिशोबवहीत पहिल्या ओळीतलं अर्धायुष्यही हजर असतं. स्रोत दर वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी ओसरतो. तेवढीच मात्रा द्यायची तर खोकी जास्त वेळ फिरवा, नाही तर नव्या कांड्या घाला.

ज्या दोन रेषांनी लासलगावात कांदा थोपवला जातो, त्याच आकाशातूनही येतात. जड ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटात लोह-६० तयार होतं: २६ प्रोटॉन, ३४ न्यूट्रॉन, अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षं. ते क्षय पावून कोबाल्ट-६० होतं आणि पुढे हीच शिडी. आपल्या आकाशगंगेतून येणाऱ्या ११७३ आणि १३३२ च्या रेषा ‘इंटिग्रल’ या उपग्रहाने टिपल्या. लोह-६० समुद्रतळाच्या थरांतही सापडलं आहे. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वीजवळ तारा फुटल्याची ती खूण.

इथून पुढे, न्यूट्रॉनसमृद्धीच्या खोल प्रदेशात, वाचनाची रीत हीच राहते, संहिता मात्र फाटक्या मिळतात. निकेलचे प्रोटॉन कायम २८; न्यूट्रॉन वाढवत न्यायचे आणि पहिली पायरी किती उंच ते बघायचं. निकेल-६० ची १३३२, ६२ ची ११७३, ६४ ची १३४६, आणि ६८ पाशी ती एकदम २०३३ वर जाते. पायरी उंच म्हणजे केंद्रक हलायला नाखूश, म्हणजे मजला भरल्याची चाहूल. २८ प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉनचं निकेल-७८ दोन्हीकडून भरलेलं असणार, हा जुना अंदाज. २००५ साली अमेरिकेत त्याचं अर्धायुष्य प्रथम मोजलं ते अवघ्या ११ केंद्रकांवरून. २०१४ साली जपानच्या रिकेन संस्थेत ते सेकंदाच्या आठव्या भागाइतकं असल्याचं अधिक नेमकं ठरलं, आणि तिथेच २०१९ साली पहिली पायरी २६०० केईव्हीवर सापडली. ती क्षयातून नव्हे, वेगवान झोताच्या धडकेतून मिळाली. पण ती पायरी उंच आहे असं म्हणायला मोजपट्टी हवी, आणि त्या मोजपट्टीवरची एक जुनी, भरवशाची खूण म्हणजे आपली १३३२.

मघाच्या यादीतला निकेल-६२ चा आकडा पुन्हा पाहा. त्याची पहिली पायरीही ११७३ चीच. दशांशापर्यंत गेलं तरच फरक दिसतो. म्हणजे पडद्यावर ११७३ दिसलं की कोबाल्ट-६०, असं म्हणता येत नाही. सोबत १३३२ आहे का, त्याच क्षणी आहे का, योग्य प्रमाणात आहे का, हे पाहावं लागतं. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवर ठरतो, तसं. म्हणूनच कुलाब्याला टीआयएफआरमधल्या पेलेट्रॉन प्रवेगकाशी काम करणारे लोक एक डिटेक्टर न वापरता जर्मेनियमच्या स्फटिकांची आख्खी जाळी मांडतात. ‘इंगा’ नावाची ही जाळी मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी फिरते. जर्मेनियमचा स्फटिक किती बारीक वाचतो, हे सांगायचीही जगभरची रीत एकच: १३३२ ची रेषा तो किती रुंद दाखवतो? चांगला स्फटिक दोन केईव्हीच्या आत दाखवतो.

उणिवा? आहेत. प्रतिन्यूट्रिनो दर क्षयात ऊर्जेचा वाटा घेऊन जातो, पण चित्रात त्याला साधी रेघही नाही. पाच वर्षांचा थांबा आणि पिकोसेकंदांची घाई एकाच लांबीच्या बाणांनी दाखवल्यामुळे लय कागदावर हरवते. आणि अमुक केंद्रक कधी जाईल, याबद्दल चित्र अवाक्षर काढत नाही. ते फक्त समूहाचं बोलतं. तरीही चार रेघा आणि चार बाणांत इतकं काटकसरीने इतकं सांगणारी संहिता मला दुसरी माहीत नाही. तिच्यातली एकही खूण शोभेची नाही.

यंदाच्या २८ फेब्रुवारीला अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी हे चित्र फळ्यावर काढावं, पाच मिनिटं लागतात. आकडे सगळे द्यावेत, अर्थ सांगू नये. मुलांना एकच विचारावं: ११७३ आधी की १३३२, आणि कशावरून? मात्र बारीक बाण काढायला विसरू नका, उत्तर त्यातच आहे.